‘व्हेन विल द मीटिंग’ की ‘व्हेन द मीटिंग विल’?

प्रश्न : माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. नोकरीत मात्र रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात. एका मेलमध्ये मी लिहिलं, ‘कुड यू टेल मी व्हेन विल द मीटिंग स्टार्ट?’ वरिष्ठांनी ते खोडून ‘व्हेन द मीटिंग विल स्टार्ट’ असं केलं. शाळेत तर शिकवलं होतं, की प्रश्न विचारताना हेल्पिंग व्हर्ब कर्त्याच्या आधी आणायचं. म्हटलं, आता कर्ताच आधी लिहू. मग एका सहकाऱ्याला ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असं विचारलं, तर तेही चूक निघालं! आता प्रश्न लिहायचा म्हटलं की हात अडखळतो. नियम नेमका काय आहे? आणि अर्थ कळत असेल तर शब्द मागेपुढे झाल्याचा एवढा बाऊ का करायचा?
– एक वाचक

उत्तर :

पहिली चूक दुरुस्त करताना मिळालेला धडा तुम्ही सरसकट सगळीकडे लावलात, दुसरी चूक तिथून आली. म्हणजे तुमचं लक्ष आहे, मेहनतही आहे. फक्त शाळेतल्या नियमाचा उरलेला अर्धा भाग तुमच्यापर्यंत पोचलेला नाही.

तो असा. कर्ता आणि हेल्पिंग व्हर्ब यांची अदलाबदल ही प्रश्न विचारण्याच्या क्रियेची खूण आहे. प्रश्नार्थक शब्दाची नाही. वाक्यात ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ दिसला की लगेच उलटापालट करायची, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण इंग्रजी त्या शब्दाकडे बघतच नाही. आत्ता, या वाक्यात, समोरच्याला काही विचारलं जातंय का आणि ते वाक्याच्या कोणत्या भागात विचारलं जातंय, एवढंच ती बघते. जिथे विचारणं घडतं तिथे अदलाबदल होते, आणि ती एकदाच होते.

आता तुमचं मेलमधलं वाक्य घ्या. ‘कुड यू’ म्हणताच अदलाबदल होऊन गेली. साधं विधान असतं तर ‘यू कुड’ असतं. विचारायचं ते तिथेच विचारून झालं : सांगू शकाल का? पुढचा ‘व्हेन…’पासूनचा तुकडा प्रश्न राहिलेला नाही. काय सांगायचं, ते तो सांगतो. ‘टेल’ या क्रियापदाचं ते कर्म आहे. म्हणून तिथे कर्ता आधी, क्रियापद मागून, अगदी विधानासारखं : ‘व्हेन द मीटिंग विल स्टार्ट’. उलट सहकाऱ्याला तुम्ही थेट विचारत होतात. त्या वाक्याला दुसरं मुख्य वाक्य नव्हतंच, तेव्हा अदलाबदल तिथेच व्हायला हवी होती : ‘व्हेअर आर यू गोइंग?’

शंका आली तर एक चाचणी करा. त्या तुकड्यावर बोट ठेवा आणि त्याच्या जागी ‘द टाइम’, ‘द रीझन’ किंवा ‘द ॲड्रेस’ असं एखादं नाम घालून बघा. ‘कुड यू टेल मी द टाइम?’ वाक्य ठीक उभं राहतं. म्हणजे तो तुकडा नामाचं काम करतोय, त्याच्या आत उलटापालट नाही. ‘आय डोन्ट अंडरस्टँड व्हाय इज शी अँग्री’ हे वाक्य तपासा. ‘आय डोन्ट अंडरस्टँड द रीझन’ चालतं, तेव्हा ‘व्हाय शी इज अँग्री’ हेच बरोबर. मला विचाराल तर ही चाचणी व्याकरणाच्या पुस्तकातल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा भरवशाची आहे, कारण लिहिता लिहिता ती करता येते.

‘डू’चं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि जास्त चुका तिथेच होतात. वाक्यात ‘इज’, ‘विल’, ‘कॅन’, ‘हॅव’ असं काही असेल तर ते कर्त्याच्या पुढे उडी मारतं. ‘शी वर्क्स’सारख्या वाक्यात उडी मारायला कुणीच नाही. मुख्य क्रियापद स्वतः जागा सोडत नाही. मग ‘डू’ हा बदली कामगार बोलावला जातो आणि काळाचं, वचनाचं ओझं त्याच्या डोक्यावर जातं : ‘व्हेअर डझ शी वर्क?’, ‘व्हेन डिड दे लीव्ह?’ अदलाबदलीची गरज संपली की बदली कामगार घरी जातो आणि ओझं पुन्हा मूळ क्रियापदावर येतं : ‘आय नो व्हेअर शी वर्क्स’, ‘टेल मी व्हेन दे लेफ्ट’. ‘वर्क’चं ‘वर्क्स’ आणि ‘लीव्ह’चं ‘लेफ्ट’ करायला लोक विसरतात. ‘डझ’ काढून टाकतात आणि ‘आय नो व्हेअर शी वर्क’ लिहून मोकळे होतात.

हा ‘डू’ इंग्रजीत पहिल्यापासून असा सक्तीचा नव्हता. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे १६व्या शतकाच्या अखेरीला आणि १७व्याच्या सुरुवातीला, ‘व्हॉट से यू?’ अशी मुख्य क्रियापदाचीच अदलाबदलही चालायची आणि ‘डू’ घातलेली रचनाही. पुढे ‘डू’ जिंकला. ‘नकार आणि प्रश्न दोन्हीकडे हा डू कशासाठी घुसतो’ असं म्हणून तुम्ही कधी वैतागला असाल, तर तो वैताग रास्त आहे. जर्मनसारख्या जवळच्या भाषेचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

आता मराठीकडे येते, कारण या सगळ्या गोंधळाचं खापर बहुतेक जण मराठीवर फोडतात. ते मला पूर्ण पटत नाही. मराठीत प्रश्न करताना शब्द जागचे हलत नाहीत. ‘ती कुठे काम करते?’ हा प्रश्न. ‘ती कुठे काम करते ते मला माहीत आहे’ हे विधान. आतला तुकडा जसाच्या तसा. मागे फक्त ‘ते’ लागलं. म्हणजे अप्रत्यक्ष प्रश्नात (दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसलेल्या प्रश्नात) कर्ता-क्रियापदाचा सरळ क्रम ठेवणं मराठी माणसाला सोपं जायला हवं, कारण तिथे इंग्रजीही काही उलटं करत नाही. तरी आपण ‘आय नो व्हेअर डझ शी वर्क’ लिहितो. का? शाळेत प्रश्न करा, प्रश्न करा म्हणून इतके वर्ग भरवलेले असतात, की ‘व्हेअर’ आणि ‘डझ’ यांची जोडी तोंडात घट्ट बसते. हा दोष घोकंपट्टीचा, मराठीचा नव्हे.

मराठी खरोखर पाय अडकवते ती ‘की’पाशी. ‘त्यांनी मला विचारलं, की तू कुठे काम करतेस.’ मराठी म्हणून हे वाक्य निर्दोष आहे. ‘की’नंतर समोरच्याचे शब्द आपण जवळजवळ जसेच्या तसे ठेवतो : त्यांनी ‘तू’ म्हटलं म्हणून ‘तू’, वर्तमानकाळ वापरला म्हणून वर्तमानकाळ. हेच डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिलं की ‘दे आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू वर्क’ तयार होतं आणि एका वाक्यात चार गोष्टी बिघडतात. ‘दॅट’ नको, कारण दोन वाक्यं जोडायला ‘व्हेअर’ समर्थ आहे आणि इंग्रजीत एका सांध्याला एकच जोडशब्द लागतो. ‘डू’ नको, ते वर आलंच. ‘यू’चं ‘आय’ व्हायला हवं, कारण गोष्ट आता तुम्ही सांगताय आणि काम करणाऱ्या तुम्हीच आहात. आणि ‘आस्क्ड’ भूतकाळी असल्यामुळे आतलं क्रियापदही सहसा एक पाऊल मागे सरकतं : ‘दे आस्क्ड मी व्हेअर आय वर्क्ड.’ तुम्ही अजून तिथेच काम करत असाल तर ‘व्हेअर आय वर्क’ म्हटलेलंही चालतं. त्यावरून कुणाशी हुज्जत घालू नका. पण ‘दॅट’ आणि ‘डू’ कुठल्याही परिस्थितीत नकोत.

जोडशब्दाची अशीच अडचण हो-नाही प्रश्नांतही दिसते. मराठीत ‘मीटिंग आहे का ते विचार’ म्हणताना ‘का’ तुकड्याच्या शेवटी येतो. इंग्रजीत त्याचं काम ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ करतं आणि ते तुकड्याच्या तोंडाशी बसतं : ‘आस्क इफ देअर इज अ मीटिंग’. ‘इज देअर’ नाही. दोन्हींपैकी कुठला शब्द घ्यावा? बोलताना ‘इफ’ पुरतो. पण ‘ऑन’, ‘अबाउट’ अशा शब्दानंतर ‘व्हेदर’च लागतो : ‘इट डिपेंड्स ऑन व्हेदर शी ॲग्रीज’. ‘टू’च्या आधीही तोच : ‘आय कान्ट डिसाइड व्हेदर टू गो’. मेलमध्ये मी ‘व्हेदर’ सुचवीन, त्याला एक व्यावहारिक कारण आहे. ‘लेट मी नो इफ यू आर कमिंग’ याचे दोन अर्थ होतात : येणार की नाही ते कळवा, किंवा येणार असाल तरच कळवा. दुसरा अर्थ घेऊन न येणारा माणूस गप्प बसतो आणि तुम्ही उत्तराची वाट बघत राहता.

नियमाला अपवाद वाटणारी पण अपवाद नसलेली एक जागा आहे, ती नीट बघा. ‘हू कॉल्ड यू?’ आणि ‘हू डिड यू कॉल?’ पहिल्यात फोन करणारा कोण ते विचारलंय, दुसऱ्यात तुम्ही कुणाला केला ते. पहिल्यात ‘डिड’ का नाही? कारण तिथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे. तो आधीच वाक्याच्या सुरुवातीला आहे. त्याच्या पुढे कुणी उडी मारायची? ‘व्हॉट हॅपन्ड?’चंही तेच. ‘व्हॉट डिड हॅपन?’ असं कुणी साध्या चौकशीत म्हणत नाही. ‘बरं, मग नक्की घडलं तरी काय?’ असा जोर द्यायचा असेल तेवढ्यापुरतं ते येतं. ‘हाउ मेनी पीपल केम?’ यातही ‘डिड’ नाही, कारण ‘हाउ मेनी पीपल’ हाच कर्ता. अशा प्रश्नांचा फायदा असा, की अप्रत्यक्ष करताना त्यांना हातच लावावा लागत नाही : ‘टेल मी हू कॉल्ड’, ‘आय डोन्ट नो व्हॉट हॅपन्ड’, ‘चेक हाउ मेनी पीपल केम’. ‘आय डोन्ट नो व्हॉट्स राँग’ हे वाक्य बघून ‘इथे तर क्रियापद आधी आलं’ असं वाटेल, पण तिथेही ‘व्हॉट’ कर्ता आहे आणि क्रम सरळच आहे. त्याच्या वळणावर जाऊन ‘व्हॉट्स द मॅटर’ही आतल्या तुकड्यात तसंच राहतं. ‘आय डोन्ट नो व्हॉट द मॅटर इज’ कानाला विचित्र लागतं.

‘हाउ’च्या बाबतीत एकच सांभाळा : त्याच्याबरोबरचा शब्द त्याला सोडत नाही. ‘हाउ ओल्ड इज शी?’ वरून ‘आय नो हाउ ओल्ड शी इज’. ‘हाउ शी इज ओल्ड’ नाही. नकारात ‘नॉट’ क्रियापदाबरोबर राहतो : ‘व्हाय डिडन्ट शी रिप्लाय?’ वरून ‘आय नो व्हाय शी डिडन्ट रिप्लाय’. इथे ‘डिड’ टिकला तो नकारासाठी, प्रश्नासाठी नाही.

आता सगळ्यात चकवणारं क्रियापद, ‘थिंक’. ‘डू यू नो व्हेअर शी इज?’ बरोबर. मग ‘डू यू थिंक व्हेअर शी इज?’ का चुकीचं? याचं उत्तर मराठीत विचार केला तर पटकन सापडतं. पहिलं वाक्य मराठीत म्हणा : ‘ती कुठे आहे तुम्हाला माहीत आहे का?’ शेवटी ‘का’ आला. म्हणजे विचारलंय ते माहीत आहे-नाही एवढंच, उत्तर हो किंवा नाही. दुसरं म्हणा : ‘ती कुठे असेल असं तुम्हाला वाटतं?’ इथे ‘का’ नाही. सगळ्या वाक्याचा रोख ‘कुठे’वर आहे; उत्तर म्हणून हो-नाही दिलं तर हसं होईल. इंग्रजीत असा शब्द थेट वाक्याच्या तोंडाशी येतो आणि अदलाबदल त्याच्या शेजारच्या मुख्य भागात होते : ‘व्हेअर डू यू थिंक शी इज?’ मागचा ‘शी इज’ मात्र सरळ. ‘व्हेअर डू यू थिंक इज शी?’ म्हणजे दोनदा उलटवणं झालं. तेव्हा मराठी वाक्यात शेवटी ‘का’ येत असेल तर प्रश्नार्थक शब्द आत राहू द्या, येत नसेल तर तो पुढे काढा. ‘थिंक’, ‘से’, ‘सजेस्ट’, ‘एक्स्पेक्ट’ यांच्या बाबतीत ही मराठी कसोटी सहसा उपयोगी पडते.

प्रश्नचिन्हाचा निर्णय मुख्य वाक्याकडे बघून घ्यायचा. ‘कुड यू टेल मी…’ला प्रश्नचिन्ह हवं. ‘प्लीज लेट मी नो व्हेन यू आर फ्री’ ही विनंती आहे, तिथे पूर्णविराम. ‘आय वंडर व्हेअर शी इज’लाही पूर्णविराम, मनात कितीही कुतूहल असलं तरी. आणि हो, या शेवटच्या ‘शी इज’चं ‘शीज’ करू नका. वाक्याच्या टोकाला क्रियापदावर जोर येतो, तिथे ते आखडून लिहीत नाहीत.

स्वल्पविराम किंवा अपूर्णविराम (:) दिलात तर मात्र सगळं फिरतं. ‘टेल मी, व्हेअर इज शी?’ हे बरोबर आहे, कारण विरामानंतर तुम्ही नव्याने, थेट विचारताय. ‘द क्वेश्चन इज : हू विल पे?’ हेही तसंच. परीक्षेत असं वाक्य दिसलं तर घाईघाईने ‘दुरुस्त’ करू नका.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, अर्थ कळत असेल तर बाऊ कशाला. तुमच्या दोन्ही चुका एका मापाने मोजू नयेत, असं मला वाटतं. ‘कुड यू टेल मी व्हेन विल द मीटिंग स्टार्ट’ ही ढोबळ चूक नव्हे. भारतीय इंग्रजीत ही रचना सर्रास ऐकू येते. आयर्लंडमध्ये इंग्रजी मातृभाषा असणारी माणसंही ‘शी आस्क्ड मी वॉज आय कमिंग’ असं सहज म्हणतात. बोलताना यावरून कुणी तुम्हाला अडवलं तर त्याचं मनाला लावून घेऊ नका. कामाच्या लेखी इंग्रजीत मात्र प्रमाण रचनेची अपेक्षा असते, आणि तुमच्या वरिष्ठांनी तेवढंच केलं.

‘व्हेअर यू आर गोइंग?’ हे जास्त खटकतं, त्यामागे कारण आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला तो अपुरा तुकडा वाटतो. ‘व्हेअर यू आर गोइंग’नंतर ‘इज युअर बिझनेस’ असं काही येईल म्हणून तो क्षणभर थांबतो आणि पुढे काही येतच नाही. प्रश्नार्थक शब्द नसलेलं ‘यू आर गोइंग?’ मात्र बोलताना चालतं. आवाज शेवटी चढला की त्यातून आश्चर्य किंवा खात्री करून घेणं कळतं. म्हणून आधी थेट प्रश्न सुधारा, अप्रत्यक्ष मागून सुधारले तरी हरकत नाही.

सरावासाठी वाक्यं बदलण्याचे तक्ते सोडवत बसू नका. घोकंपट्टीने काय होतं ते आपण वर पाहिलंच. त्यापेक्षा तुमच्याच पाठवलेल्या मेलमध्ये ‘लेट मी नो’, ‘टेल मी’, ‘चेक’ आणि ‘कन्फर्म’ हे शब्द शोधा आणि त्यांच्यापुढे काय लिहिलंय ते बघा. ‘प्लीज कन्फर्म इज द फाइल रिसीव्ह्ड’ असं दिसलं तर ते ‘प्लीज कन्फर्म व्हेदर द फाइल हॅज बीन रिसीव्ह्ड’ करा. चुका ठरावीक जागीच सापडतील.

शोधताना आणखी एक बघा : जिथे तिथे ‘कुड यू प्लीज काइंडली लेट मी नो’ लावलंय का? अप्रत्यक्ष प्रश्न सौम्य लागतो, कारण समोरच्याला ‘माहीत नाही’ म्हणायची वाट मोकळी राहते. अनोळखी माणसाला किंवा मोठ्या पदावरच्याला लिहिताना तो वापरा. पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ‘व्हेन डझ द मीटिंग स्टार्ट?’ एवढं लिहिलं तर ते उद्धट होत नाही. ठरलेल्या वेळेसाठी तिथे ‘विल’चीही गरज नाही, साधा वर्तमानकाळ पुरतो.